प्रतिपिंडाचे दुसरे टोक : पेशींवरील ग्राही आणि रोगजंतूंचा प्रतिकार

शरीरात रोगजंतूंचा शिरकाव झाला म्हणजे रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात आणि ती रोगजंतूंना पकडून निष्प्रभ करतात, हे आता शालेय पाठ्यपुस्तकांतूनही सांगितले जाते. हे विधान खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे काही महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. एकाच रोगजंतूविरुद्ध सारख्याच प्रमाणात प्रतिपिंडे असलेल्या दोन व्यक्तींपैकी एक सुखरूप राहते आणि दुसरी अत्यवस्थ होते, असे का घडावे? डेंग्यूच्या बाबतीत तर पूर्वीच्या संसर्गातून उरलेली प्रतिपिंडे दुसऱ्या खेपेस रक्षण करण्याऐवजी आजार वाढवू शकतात, असे आढळून आले आहे. कुंपणानेच शेत खावे असा हा प्रकार आहे. प्रतिपिंडाच्या पकडणाऱ्या टोकाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी त्याचा उलगडा होत नाही. त्यासाठी त्याच्या दुसऱ्या टोकाकडे, आणि ते टोक ज्या पेशींवरील ग्राहींत जाऊन बसते त्या ग्राहींकडे, वळावे लागते. या ग्राहींचे कार्य विशद करणे आणि डेंग्यूच्या उदाहरणाने त्याचे व्यावहारिक महत्त्व दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

प्रतिरक्षेच्या अभ्यासात आरंभीच दोन पक्ष पडले होते. 1890 मध्ये बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी असे दाखविले की, धनुर्वात व घटसर्प यांच्या विषांची सवय करविलेल्या प्राण्यांचे रक्तजल दुसऱ्या प्राण्यास टोचले असता तो प्राणीही त्या विषापासून सुरक्षित राहतो. त्यावरून संरक्षणाचे सारे सामर्थ्य रक्तातील द्रव्यांत आहे, असे एका पक्षाचे मत झाले. उलटपक्षी, एली मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा रुतवून त्याच्याभोवती भटक्या पेशी जमा होताना पाहिल्या होत्या. त्यांच्या मते खरे रक्षक म्हणजे परक्या वस्तूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी. हा वाद कित्येक वर्षे चालला. 1908 सालचे नोबेल पारितोषिक पहिल्या पक्षाचे पॉल एर्लिख आणि दुसऱ्या पक्षाचे मेचनिकॉफ यांना विभागून देण्यात आले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तथापि दोन्ही पक्षांना जोडणारा धागा तत्पूर्वीच हाती आला होता. 1903 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आल्मरॉथ राइट व त्यांचे सहकारी डग्लस यांना असे दिसून आले की, रक्तजलाचा संपर्क झालेले जीवाणू भक्षक पेशी कितीतरी अधिक प्रमाणात गिळतात. रक्तजलातील ज्या द्रव्यामुळे हे घडते त्यास त्यांनी ‘ऑप्सोनिन’ हे नाव दिले. पक्वान्न सिद्ध करणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घेतले आहे. म्हणजे रक्तद्रव्ये जीवाणूंना जणू रुचकर करतात आणि पेशी त्यांचा फडशा पाडतात. परंतु पेशीला ही ‘रुची’ कळते कशी, हा प्रश्न पुढे अर्धे शतक अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर मिळण्याची वाट रॉडनी पोर्टर यांनी मोकळी केली. पपईच्या चिकापासून मिळणाऱ्या पपेन या विकराने त्यांनी सशाच्या प्रतिपिंडांचे तुकडे केले आणि 1959 मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्येक प्रतिपिंडाचे तीन खंड पडतात. त्यांपैकी दोन एकसारखे असून प्रतिजनाला पकडण्याची शक्ती त्यांत असते. तिसऱ्यात ती मुळीच नसते, परंतु त्याचे सहज स्फटिक बनतात. या स्फटिकशील तिसऱ्या खंडास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एफसी’ खंड असे म्हणतात. येथे आपण त्याला पुच्छखंड म्हणू. प्रतिपिंडांच्या रचनेवरील कार्याबद्दल पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांना 1972 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान 1966 मध्ये बर्केन व बेनासेराफ यांनी असे दाखवून दिले होते की, महाभक्षी पेशींच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे जी चिकटतात ती या पुच्छखंडाच्याच द्वारे चिकटतात. पेशीच्या पृष्ठभागावर पुच्छखंडासाठी खास ग्राही असले पाहिजेत, हे त्यावरून निश्चित झाले.

पाते आणि मूठ

रक्तात सर्वांत विपुल असलेले प्रतिपिंड म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन-जी. त्याचा रेणुभार सुमारे 1,50,000 असून आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. त्याच्या दोन भुजांची टोके रोगजंतूगणिक निराळी असतात. पुच्छ मात्र एका वर्गातील सर्व प्रतिपिंडांत जवळजवळ एकच असते. विळा, कोयता, खुरपे यांची पाती भिन्न असावीत, पण मूठ एकाच मापाची असावी, तशी ही योजना आहे. मूठ एकच असल्यामुळे ज्याला एक हत्यार धरता येते त्याला सगळीच धरता येतात.

या योजनेतील काटकसर लक्षात घेण्याजोगी आहे. महाभक्षी पेशी, न्यूट्रोफिल किंवा नैसर्गिक मारक पेशी यांना स्वतःहून देवीचा विषाणू कोणता आणि विषमज्वराचा जीवाणू कोणता हे ओळखता येत नाही. तशी नेमकी ओळख पटविणारी प्रतिपिंडे निर्माण करण्याचे काम बी-पेशींचे. परंतु पुच्छ धरणारे ग्राही अंगावर असल्यामुळे बी-पेशींनी कमावलेली ओळख या सर्व पेशींना उसनी मिळते. एकीचे ज्ञान आणि दुसरीचे बळ यांचा संयोग या ग्राहींत होतो. मेचनिकॉफ आणि एर्लिख यांच्या वादाचा निवाडा पेशीच्या पृष्ठभागावर असा झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

इम्युनोग्लोब्युलिन-जीचे पुच्छ धरणाऱ्या ग्राहींस एफसी-गॅमा ग्राही म्हणतात. त्यांचे तीन मुख्य वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील ग्राही सुट्या प्रतिपिंडासही घट्ट धरून ठेवतात. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील ग्राहींची पकड मात्र सैल असते. एकेक प्रतिपिंड त्यांच्या हातून निसटते, आणि अनेक प्रतिपिंडे एखाद्या जीवाणूवर दाटीने बसली असतील तेव्हाच त्यांची अनेक पुच्छे एकदम हाती लागून पकड पक्की होते. हा दोष नव्हे. हीच सुरक्षेची व्यवस्था होय. निरोगी माणसाच्या रक्तजलात दर लिटरमागे सुमारे 10 ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन-जी असते. प्रत्येक सुटे प्रतिपिंड जर पेशीला चिथावू लागले, तर शरीरात अहोरात्र दाह माजेल. म्हणून पेशीच्या आत संदेश जाण्यासाठी अनेक ग्राही एकत्र ओढले जावे लागतात. पहिल्या वर्गाच्या घट्ट पकडीच्या ग्राहींनाही हा नियम लागू आहे.

असा संदेश पोचल्यावर काय घडेल, हे ग्राही कोणत्या पेशीवर आहे यावर ठरते. महाभक्षी पेशी जंतूला गिळते. नैसर्गिक मारक पेशी विषाणुग्रस्त पेशीला भोके पाडून ठार करते. न्यूट्रोफिल दाहक द्रव्ये सोडतात. इम्युनोग्लोब्युलिन-ई या दुसऱ्या वर्गाच्या प्रतिपिंडाचे ग्राही मास्ट पेशींवर असतात आणि ते त्याला अतिशय घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे परागकणांसारखी वस्तू येऊन शेजारशेजारची दोन प्रतिपिंडे जोडते न जोडते तोच मास्ट पेशी हिस्टामीन ओततात, आणि रोग्यास शिंका, पित्त उठणे किंवा दम्याचा झटका यांचा अनुभव येतो. प्रतिपिंडाने पकडण्याची क्रिया सर्वत्र एकच. परिणाम मात्र पुच्छाच्या जातीप्रमाणे आणि ते धरणाऱ्या हाताप्रमाणे पालटतात.

चालना आणि लगाम

एफसी-गॅमा ग्राहींपैकी बहुतेक चालना देणारे आहेत. त्यांच्या, किंवा त्यांना जोडलेल्या साहाय्यक प्रथिनाच्या, पेशीतील भागावर टायरोसीन या अमिनो अम्लाची ठरावीक स्थाने असतात. ग्राही एकत्र आले की त्या स्थानांवर फॉस्फेट जोडले जाते आणि तेथून उत्तेजक विकरांची साखळी सुरू होते. याला एक अपवाद आहे : गॅमा-2ब हा ग्राही. त्याच्यावरील स्थान फॉस्फेट काढून घेणाऱ्या विकराला बोलावते आणि चालू झालेली साखळी थंड करते. बहुतेक भक्षक पेशींवर दोन्ही प्रकारचे ग्राही शेजारीशेजारी असतात. पेशीचे वर्तन म्हणजे त्यांच्या ओढाताणीची बेरीज-वजाबाकी होय. बी-पेशींवर तर इम्युनोग्लोब्युलिन-जीसाठी एकटा गॅमा-2ब हाच ग्राही असतो. रक्तात प्रतिपिंडे पुरेशी झाली की त्याच्या द्वारे उत्पादन आवरते घेण्याची सूचना मिळते.

या लगामाचे मोल मानवी आनुवंशिकतेतही दिसते. गॅमा-2ब ग्राहीचा एक भेद असा आहे की, त्यात एका अमिनो अम्लाच्या बदलामुळे लगाम जवळजवळ निकामी होतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, हा भेद आई व वडील अशा दोघांकडूनही मिळालेल्या व्यक्तींत ल्युपस हा स्वतःच्याच ऊतकांवर उलटणारा रोग अधिक होतो. मात्र केनियातील मुलांमध्ये तोच भेद तीव्र हिवतापापासून संरक्षण देतो. जेथे हिवताप माजलेला असतो तेथे सैल लगाम जीव वाचवितो. जेथे तो नसतो तेथे तोच घातक ठरतो.

याखेरीज पुच्छाशी जोडलेली शर्करेची एक लहानशी शाखाही या व्यवहारात भाग घेते. त्या शाखेतील फ्यूकोज ही शर्करा गळालेली असेल, तर नैसर्गिक मारक पेशींवरील गॅमा-3अ ग्राहीची पकड अनेक पटींनी घट्ट होते. रक्ततपासणीत सारख्याच प्रमाणात दिसणारी प्रतिपिंडे दोन व्यक्तींत भिन्न फळ का देतात, याचे एक कारण येथे सापडते.

रोगजंतूंनीही या टोकाचे महत्त्व ओळखले आहे, असे त्यांच्या युक्त्यांवरून म्हणावे लागते. गळवांना कारणीभूत होणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू आपल्या अंगावरील प्रथिन-एच्या साहाय्याने प्रतिपिंडाचे पुच्छच धरून ठेवतो. मग ते उलटे टांगलेले प्रतिपिंड भक्षक पेशींच्या उपयोगी पडत नाही. हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू स्वतःच पुच्छ धरणारी बनावट ग्राही-प्रथिने तयार करतो. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस हा जीवाणू तर एका विकराने पुच्छ मुळापासूनच छाटून टाकतो. पकडणाऱ्या टोकानेच सर्व काम भागत असते, तर जंतूंना एवढा खटाटोप करण्याची गरज पडली नसती.

डेंग्यूचा धडा

आता आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे वळू. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारचा संसर्ग होऊन गेला म्हणजे त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते. अन्य तीन प्रकारांविरुद्ध मिळणारे संरक्षण मात्र अल्पकाळ टिकते. नंतर दुसऱ्या प्रकारचा विषाणू शरीरात आला असता जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात खरी, पण त्याला निष्प्रभ करण्याइतकी ती नेमकी किंवा पुरेशी नसतात. चिकटलेल्या प्रतिपिंडांची पुच्छे बाहेर राहतात आणि मोनोसाइट व महाभक्षी पेशी आपल्या ग्राहींनी ती धरून विषाणूला आत ओढून घेतात. सामान्य जीवाणू असता तर तेथे त्याचा शेवट झाला असता. परंतु डेंग्यूचा विषाणू नेमका याच पेशींत वाढतो. गिळलेल्या वस्तूभोवतीच्या पिशवीतील आम्लता वाढू लागताच त्याचे आवरण पिशवीच्या भित्तीशी एकजीव होते आणि त्याचे जनुकद्रव्य पेशीत मोकळे होते. संरक्षणासाठी ठेवलेले दार अशा रीतीने शत्रूच्या प्रवेशाचे दार बनते.

प्रतिपिंडांमुळे विषाणूची वाढ अधिक होऊ शकते, ही गोष्ट 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातील हॉक्स यांनी डेंग्यूच्या नात्यातील विषाणूंवर प्रयोग करताना प्रथम नोंदविली होती. त्याच दशकात स्कॉट हॉलस्टेड बँकॉक येथे डेंग्यूच्या रक्तस्रावी ज्वराचा अभ्यास करीत होते. तीव्र आजार प्रामुख्याने दोन गटांत होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. पहिला गट दुसऱ्यांदा संसर्ग झालेल्या मुलांचा. त्याचे स्पष्टीकरण अनेक प्रकारे करता आले असते. दुसरा गट मात्र मोठा सूचक होता : एक वर्षाखालील अशी अर्भके, की ज्यांना संसर्ग प्रथमच झाला होता, परंतु ज्यांच्या मातांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला होता. मातेची प्रतिपिंडे गर्भास पोचविण्याचे काम वारेतील एक निराळा पुच्छग्राही करतो; नवजात बालकाचे पहिले संरक्षण हीच प्रतिपिंडे होत. ती भरपूर असतात तोवर बालक सुरक्षित असते. पुढे ती हळूहळू ओसरतात आणि साधारणतः सहाव्या ते नवव्या महिन्याच्या सुमारास, म्हणजे ती निष्प्रभ करण्यास अपुरी पण चिकटण्यास पुरेशी उरतात तेव्हा, धोका सर्वांत अधिक असतो. 1977 मध्ये हॉलस्टेड आणि ओ’रूर्क यांनी प्रयोगशाळेतही हेच दाखविले : प्रतिपिंडे विरल केली असता मोनोसाइट पेशींतील विषाणूची वाढ घटण्याऐवजी वाढते.

लोकसंख्येच्या पातळीवर क्यूबा या बेटावर निसर्गानेच एक प्रयोग मांडून दाखविला. तेथे 1977 मध्ये पहिल्या प्रकारच्या डेंग्यूची साथ आली. ती सौम्य होती. 1981 मध्ये दुसऱ्या प्रकारची साथ आली, तेव्हा 3,44,203 रुग्णांची नोंद झाली आणि 158 जण मरण पावले. पुढे 1997 मध्ये सांतियागो दे क्यूबा येथे पुन्हा दुसऱ्याच प्रकारची साथ आली, तेव्हा तीव्र आजार जवळजवळ केवळ प्रौढांना झाला. कारण पहिल्या साथीची प्रतिपिंडे अंगी असणारे तेच होते. वीस वर्षे लोटल्यावरही तो जुना ठसा पुसला गेला नव्हता. 2017 मध्ये निकाराग्वातील सहा हजारांहून अधिक मुलांच्या निरीक्षणावरून हा धोका आकड्यांत मांडता आला. प्रतिपिंडांचे प्रमाण एका मधल्या, अरुंद पट्ट्यात असता तीव्र आजाराचा धोका, प्रतिपिंडे मुळीच नसलेल्या मुलांच्या तुलनेत, सुमारे साडेसात पट होता. त्याहून अधिक प्रमाण असलेली मुले सुरक्षित होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असेही दिसले की, तीव्र डेंग्यूच्या रुग्णांतील प्रतिपिंडांच्या पुच्छावर फ्यूकोज नसण्याचे प्रमाण अधिक असते.

यावरून डेंग्यूचे सर्व गांभीर्य प्रतिपिंडांच्या माथी मारणे मात्र योग्य होणार नाही. दुसऱ्या संसर्गाची बहुसंख्य प्रकरणे सौम्यच असतात. विषाणूने रक्तात सोडलेली प्रथिने, टी-पेशींची प्रतिक्रिया आणि रोग्याची प्रकृती यांचाही वाटा त्यात असतो. परंतु प्रतिपिंड म्हणजे संरक्षण, हे सरळ समीकरण येथे टिकत नाही, एवढे निर्विवाद आहे.

हे समीकरण गृहीत धरण्याची किंमत फिलिपीन्सला मोजावी लागली. एप्रिल 2016 मध्ये त्या देशाने शाळकरी मुलांना डेंग्यूची लस देण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. नोव्हेंबर 2017 मध्ये उत्पादकांनी जाहीर केले की, ज्यांना पूर्वी डेंग्यू कधीच झाला नव्हता अशांना या लसीनंतर संसर्ग झाल्यास आजार अधिक तीव्र होण्याचा संभव आहे. पुढच्याच महिन्यात कार्यक्रम थांबविण्यात आला. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्यांना लसीचा लाभ होत होता. न झालेल्यांच्या बाबतीत मात्र ती जणू पहिल्या संसर्गाची जागा घेत होती, असे याचे स्पष्टीकरण केले जाते. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लस देण्यापूर्वी रक्त तपासून पूर्वसंसर्गाची खात्री करून घेण्याचा सल्ला दिला. पण झालेली हानी एका लसीपुरती राहिली नाही. लसी महत्त्वाच्या आहेत असे ठामपणे मानणाऱ्यांचे प्रमाण त्या देशात 2015 मध्ये 93 टक्के होते. 2018 मध्ये ते 32 टक्क्यांवर आले, आणि 2019 मध्ये तेथे गोवराची मोठी साथ आली. आपल्याकडेही ऑगस्ट 2024 मध्ये चारही प्रकारांविरुद्धच्या एका स्वदेशी लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. ज्या देशात अनेक प्रकार एकाच वेळी वावरतात, तेथे अशा चाचणीत प्रतिपिंडे किती निर्माण झाली यापेक्षा ती कशी वागतात, आणि पूर्वी डेंग्यू न झालेल्यांचे पुढे काय होते, यावर अधिक लक्ष असावयास हवे हे उघड आहे.

पुच्छाचा उपयोग आणि त्याग

पुच्छ ठेवावे की टाकावे, आणि ठेवल्यास कसे, हा आता उपचारशास्त्राचा विषय झाला आहे. सर्पदंशावरील प्रतिविष हे त्याचे आपल्या परिचयाचे उदाहरण होय. मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे ते महाराष्ट्रात सर्वज्ञात आहे. ते घोड्याच्या रक्तातून मिळवितात आणि भारतात तयार होणाऱ्या प्रतिविषातील प्रतिपिंडांची पुच्छे पेप्सिन या विकराने काढून टाकलेली असतात. विष निष्प्रभ करण्यासाठी ते झाकून टाकणे पुरेसे असते. परक्या प्राण्याच्या पुच्छाने रोग्याच्या शरीरात अनिष्ट प्रतिक्रिया मात्र उद्भवू शकते. याउलट कर्करोगावरील काही प्रतिपिंडांच्या पुच्छावरून फ्यूकोज हेतुपुरस्सर कमी केलेले असते, कारण तेथे मारक पेशींना चिथावणे हेच कार्य असते. तान्ह्या मुलांना श्वसनमार्गाच्या विषाणूपासून वाचविणाऱ्या आणि 2022 मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या निर्सेव्हिमॅब या प्रतिपिंडाच्या पुच्छात असा फेरफार केला आहे की, मातेची प्रतिपिंडे गर्भास पोचविणारा तोच ग्राही त्याला रक्तातून नाहीसे होऊ देत नाही. त्यामुळे एका टोचणीने सुमारे पाच महिने संरक्षण मिळते.

सारांश, प्रतिपिंडाचे एक टोक शत्रू कोण हे ठरविते आणि दुसरे टोक त्याचे काय करावयाचे हे ठरविते. पहिल्या टोकाचा अभ्यास लवकर झाला, कारण परीक्षानळीत त्याची मोजणी सोपी होती. दुसऱ्याचे कार्य जिवंत पेशींच्या संगतीतच दिसते. म्हणून त्यास विलंब लागला. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण सांगणारा आकडा उपयुक्त आहे; परंतु तो पात्यांची संख्या सांगतो, मूठ कोणाच्या हाती आहे हे सांगत नाही. ज्या लसीवर लक्षावधी मुलांचे आरोग्य अवलंबून राहावयाचे आहे, तिची पारख करताना या दोन्ही गोष्टी तपासल्या पाहिजेत.